मिस्त्रींच्या फ्रिजवरचा चौकड्यांचा कागद

मी मिस्त्रींच्या फ्रिजवर चिकटवलेला चौकड्यांचा कागद बोलतोय. उभ्याआडव्या काळ्या रेघा आणि मधोमध एक ठिपका, एवढंच माझं रूप. पण रेघा अगदी सरळ, आणि त्याचा मला भारी तोरा.

मिस्त्री फरशी बसवतात. त्यांच्या चष्म्याचा नंबर उणे अठरा. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी मला त्यांच्या हातात देत सांगितलं, "डोळा लांबत गेलाय, म्हणून आतला पडदा ताणून विरलाय. तुमच्या आईंचंही असंच होतं ना? चष्म्याने दिसतं, पण विरलेला पडदा भरून येत नाही. त्याच्यामागे नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवून गळायला लागल्या, तर मधली नजर जाते. रोज चष्मा लावून, एकेक डोळा झाकून हा ठिपका बघा. रेघ वाकडी दिसली की त्याच दिवशी या."

मी थक्क झालो. माझ्याहून नाजूक पडदा, आणि त्यावर अख्खं जग उमटतं!

मिस्त्री रोज सकाळी चहा घेत मला बघायचे, पण दोन्ही डोळे उघडे ठेवून. "सगळं झकास!" म्हणायचे नि कामाला जायचे. चांगला डावा डोळा उजव्याची चूक सांभाळून घ्यायचा. माझा जीव टांगणीला लागायचा, पण सांगणार कसं?

एकदा कॉलेजात जाणारी मुलगी मागून आली आणि तिनं चष्म्यावरूनच त्यांचा डावा डोळा तळहाताने झाकला. "बाबा, असं बघायचं असतं!"

"हॅ! छापणाऱ्यानं घाण केलीय. ही रेघ बघ, मध्येच वाकलीय."

मला असा राग आला! मिस्त्रींनी पिशवीतून कामाची पोलादी पट्टी काढली आणि माझ्यावर टेकवली. वीस वर्षं त्यांनी तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला होता. त्यांनी ती सरकवून पुन्हा टेकवली.

"अगं," मग हळूच म्हणाले, "पट्टीपण वाकडी दिसतेय."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. त्याच दुपारी डॉक्टरबाईंनी त्यांच्या डोळ्यात इंजेक्शन दिलं, पुढच्या महिन्यांत आणखी काही. गळती थांबली. उजव्या डोळ्यापुढे मधोमध एक धुरकट डाग राहिला, तो आता जायचा नाही. परवा त्यांनी ओट्याची फुटलेली फरशी बदलली, तेव्हा प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवून बघत होते. मी बघतच राहिलो.

माझ्या कडा आता तेलकट झाल्यात, एक कोपरा सुटलाय. मुलीचा नंबर आत्ताच अकरावर गेलाय. मिस्त्री रोज तिला माझ्यासमोर उभी करतात आणि स्वतःच्या हाताने तिचा एक डोळा झाकतात.

"सरळ?"

"सरळ."

मग दुसरा. त्याचं उत्तर येईपर्यंत मिस्त्री आणि मी, दोघंही श्वास रोखून असतो. मी गळून पडलो तर लगेच दुसरा कागद लावा, एवढीच विनंती. तिची एकही सकाळ चुकवू नका.