योगवर्गातली टॉवेलांची खुर्ची

मित्रांनो, ज्या खुर्चीवर सगळे ओले टॉवेल टाकून मोकळे होतात, तीच मी. लोखंडी, घडीची आणि जुनी. एका लहानशा कारखान्यात नळ्या वाकवून मला जोडलं, हिरवा रंग दिला आणि चारही पायांना रबराचे बूट घातले. पहिली दहा वर्षं मी एका सभागृहात भाषणं ऐकली. पेंगणारी माणसं सांभाळली, पण कुणी माझं कौतुक केल्याचं आठवत नाही. रंग उडाल्यावर मला योगवर्गाच्या हॉलमध्ये आणून टाकलं.

तिथे खुर्चीला काय काम? सगळे चटईवर. माझ्यावर टॉवेल, पिशव्या आणि सरांचा मोबाइल. फरशी पुसताना मला फरफटत नेत. त्यात मागच्या एका पायाचा बूट कधी निघून गेला, ते मलाही कळलं नाही.

एके सकाळी दारात दोघी जणी आल्या. एक टेलरताई. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांचा डावा हात कमजोर झाला होता, पायही ओढत होता. दुसरी त्यांची नणंद.

"आमच्या वहिनीला जमेल का हो, सर?" नणंदेने विचारलं.

"आधी बऱ्या होऊ द्या, मग बघू," सर म्हणाले. सर वाईट नव्हते, घाबरले होते.

"बरी झाल्यावर तुमच्याकडे कशाला येऊ?" टेलरताई म्हणाल्या. "मला परत मशीनवर बसायचंय. डाव्या हाताने कापड दाबून धरता आलं की झालं."

सरांनी माझ्यावरचे टॉवेल उचलले आणि ताईंना माझ्यावर बसवलं.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी सर सवयीने म्हणाले, "दोन्ही हात वर!" ताईंनी उजव्या हाताने डावा जोर लावून उचलला, तोल मागे गेला आणि मी सरकले. ताई धपकन खाली बसल्या. फारसं लागलं नाही, पण नणंद म्हणाली, "पुरे झालं हे!" आणि त्यांना घरी घेऊन गेली.

एरवी मी काही मनाला लावून घेत नाही. त्या दिवशी मात्र मला फार वाईट वाटलं.

वर्ग सुटल्यावर सरांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. योगाच्या पट्ट्याने स्वतःचा डावा हात कमरेला बांधला आणि ते माझ्यावर बसले. उजवा हात वर नेला मात्र, मी पुन्हा सरकले. सर पडता पडता वाचले. मग त्यांनी मला उलटी करून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. हात तसाच बांधलेला ठेवून तासभर ते एकेक आसन करून बघत होते. सांगणं किती सोपं असतं, हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी मला चार नवे बूट मिळाले आणि सर ताईंच्या घरी चूक कबूल करायला गेले. नणंद काही केल्या ऐकेना. "पडले मी आणि घाबरलीस तू," असं म्हणून ताई स्वतःच चप्पल शोधू लागल्या. हे सगळं सर नंतर वर्गात हसत सांगत होते.

आता मी पहिल्या रांगेत असते, चटईवर, भिंतीला पाठ लावून. ताईंचं आसन अगदी साधं. माझ्यावर बसून मांडीशेजारी बैठकीच्या पत्र्यावर डावा तळवा टेकवायचा आणि पाच श्वास होईपर्यंत दाबून धरायचा. कित्येक आठवडे तो दुसऱ्याच श्वासाला घसरायचा. हात पूर्वीसारखा झाला नाही, होणारही नाही.

पण एक दिवस ताईंनी तळव्याखाली रुमाल ठेवला आणि नणंदेला म्हणाल्या, "ओढ."

नणंदेने हळूच ओढला. मग जोरात ओढला. ताईंच्या कपाळावर घाम आला, पण रुमाल हलला नाही.

"अगं वहिनी, सुटत नाहीये!" नणंद म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"मग सोड. फाटला तर मलाच शिवावा लागेल," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, आम्हा जुन्या खुर्च्यांना कधीतरी वाकून, तपासून बघत जा. आमच्यावर बसायला येणाऱ्या माणसाला तिथून उठून आपल्या कामावर जायचं असतं.