ताईंच्या गप्पाखोलीचा सर्व्हर

मी सर्व्हर बोलतोय. खरं म्हणजे मी बोलत नाही, लोकांचं बोलणं इकडून तिकडे पोचवतो. माझा स्वतःचा आवाज म्हणाल तर पंख्याची घरघर, तेवढाच. पण आज दुपारी मला बंद करणार आहेत, तेव्हा म्हटलं, चार वाक्यं आपलीही होऊन जाऊ देत.

मी मूळचा एका विमा कचेरीतला. तिथे नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी भंगाराच्या गाडीत झाली. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने मला त्या गाडीतून उचललं, धूळ झटकली आणि दुकानामागच्या खोलीत टेबलाखाली ठेवलं. त्याला सगळे भाऊ म्हणत, कारण त्याची मोठी बहीण त्याला तशी हाक मारायची. मी आलो तेव्हा मात्र ती हाक बंद झाली होती.

ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. उभा जन्म बोलण्यात गेला. मग घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. घरी आल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून बसत. पाटीवर लिहून दाखवावं तर वाचणाऱ्याला दम नसतो. अर्धं वाचूनच माणसं मान डोलावतात. भाऊने हॉस्पिटलात चौकशी करून असंच ऑपरेशन झालेली माणसं शोधली आणि त्यांना एकमेकांशी लिहून गप्पा मारता याव्यात म्हणून मला कामाला जुंपलं.

गप्पाखोली म्हणजे काय, तर पडद्यावरची एक चौकट. आत येणारा आपलं टोपणनाव सांगतो आणि लिहायला लागतो. मी प्रत्येकाच्या नावापुढे बारीक खुणा ठेवतो, त्यांना मोड म्हणतात. 'अदृश्य' मोड घेतला की माणूस माझ्याकडे येऊन बसतो, पण खोलीत शिरेपर्यंत इतरांना दिसत नाही. खोली 'शिस्तीत' ठेवली की ज्याला 'आवाज' ही खूण मिळाली आहे, तोच लिहू शकतो. आणि 'ऑपरेटर' मोड सगळ्यांवर. किक म्हणजे खोलीबाहेर, किल म्हणजे थेट माझ्यापासूनच तोडणं, आणि बंदी म्हणजे पुन्हा दारच न उघडणं. या आज्ञा फक्त ऑपरेटरच्या हातात. अदृश्य माणूस दिसतो तोही त्यालाच.

माझे ऑपरेटर दोन, ताई आणि भाऊ. ताईंनी पासवर्ड घालून पहिल्यांदा तो मोड घेतला तेव्हा भाऊ म्हणाला, "घे, लागली नोकरी परत!" ताई हसल्या. आवाज नव्हता, खांदे तेवढे हलले.

हळूहळू खोली भरली. शिट्टी नावाचा फुटबॉलचा एक पंच होता. आता त्याला शिट्टी फुंकता येत नव्हती, पण नाव त्याने तेच घेतलं. मग खडू आला. हा शाळामास्तर. पहिल्याच दिवशी त्याने लिहिलं, "कसल्या गप्पा मारताय? आवाज गेला तिथे माणूस संपला. बाकी सगळी मनाची समजूत."

शिट्टीने त्याची थट्टा केली, ताईंनी समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. रोज येऊन तो कोणाच्या ना कोणाच्या आनंदात माती कालवायचा. ताई म्हणायच्या, "येतोय ना रोज? मग येऊ दे." भाऊला ते पटत नसे.

एवढ्यात आणखी कोणीतरी यायला लागलं होतं. नाव दोरा, मोड अदृश्य. ती खोलीत शिरत नसे, नुसती उंबऱ्यावर बसल्यासारखी असे. ताईंना ती दिसायची, पण त्यांनी तिला कधी हटकलं नाही. शेवटी एका दुपारी तिनेच ताईंना खाजगीत लिहिलं.

"ताई, मी शाळेच्या मुलांचे गणवेश शिवते. माझंही तेच ऑपरेशन करायचं म्हणतात. मी नाही म्हणणार आहे. पोरगी लहान आहे. तिला हाक मारता येणार नसेल तर जगून काय करू?"

ताईंनी लिहिलं, "उद्या खोलीत ये. सगळ्यांना विचार. मग काय ते ठरव."

"येते. परवा डॉक्टरांना उत्तर द्यायचंय."

दुसऱ्या दिवशी ताईंना गळ्याची नळी तपासून घ्यायला हॉस्पिटलात जायचं होतं. खोली भाऊच्या हवाली. त्या जातात न जातात तोच खडू आला आणि शिट्टीला म्हणाला, "तू पंच कसला, तू तर गोलपोस्ट, नुसता मुका खांब." भाऊने त्याला किल केलं. तो डस्टर नावाने परत आला. पुन्हा किल. मग तो फळा होऊन आला. भाऊच्या हातात कोलीत होतंच. त्याने चिडून खडूच्या भागातल्या इंटरनेटच्या सगळ्या पत्त्यांवर सरसकट बंदी घातली. बंदीला कारण लिहावं लागतं. त्याने लिहिलं, "तुमच्यासारख्यांना इथे जागा नाही."

मला आज्ञा पाळता येते, विचार करता येत नाही. थोड्या वेळाने त्याच पत्त्यांमधून दोराने दार ठोठावलं. मी तिला ते वाक्य दिलं. तिने पुन्हा प्रयत्न केला, मी पुन्हा तेच दिलं. सुक्याबरोबर ओलं जळत होतं. प्रत्येक वेळी मी ऑपरेटरला सूचना पाठवली, पण कटकट नको म्हणून भाऊने सूचना दाखवणारा मोड काढून ठेवला होता, आणि तो बाहेर दुकानात कोणाचा तरी प्रिंटर खोलून बसला होता.

ताई परत आल्या, ऑपरेटर झाल्या आणि साठलेल्या सूचना वाचल्या. दोराला नकार, दोराला नकार. त्यांनी टेबलावर थाप मारून भाऊला बोलावलं. तो त्यांच्या शेजारी उभा राहून तोंडाने बोलत होता, त्या पडद्यावर लिहीत होत्या.

"अगं, मला काय माहीत ती कोण? त्या खडूला अद्दल घडवायची होती!"

"एका माणसासाठी अख्ख्या वस्तीचं दार लावलंस?"

"तुझ्यासाठीच केलं ना मी? तुलाच छळत होता तो."

ताईंनी आधी बंदी उठवली. मग माझी मांडणीची फाइल उघडली, ऑपरेटरांच्या यादीतून भाऊची ओळ पुसली आणि ती मला नव्याने वाचायला लावली. भाऊचा मोड गेला. त्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला.

"ताई! यंत्र माझं, दुकान माझं, वीज माझी. आत्ता बटण बंद केलं तर?"

तो खाली वाकला. त्याचं बोट माझ्या बटणावर आलं, ते मला जाणवलं. त्याला अडवणारी आज्ञा माझ्याकडे नव्हती. ताईंनीही त्याचा हात धरला नाही. त्यांनी लिहिलं, "कर. पण आधी त्या बाईला शोधून दे मला."

भाऊ वाकलेलाच राहिला. मग जमिनीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "तिचा फोन नंबर आहे का?"

नव्हता. दोरा परत येईना. इथे जागा नाही असं दोनदा सांगितल्यावर कोण येईल? आला तो खडू. आल्या आल्या त्याने लिहिलं, "वा, उघडलं का दार?"

ताईंनी त्याला खाजगीत विचारलं, "मास्तर, तुमच्याच भागातली, शाळेचे गणवेश शिवणारी बाई माहीत आहे?"

"आहे. माझ्या मागच्याच गल्लीत. का?"

दुसऱ्याची गोष्ट सांगावी की नाही, ताई क्षणभर अडल्या. मग त्यांनी सगळं लिहिलं, बंदीचं ते वाक्यसुद्धा. खडूची जोडणी तुटली.

ऊन कलायच्या सुमारास दोरा आली. अदृश्य नव्हती, सरळ खोलीत आली. पहिलं वाक्य असं होतं, "मी खडू लिहितोय. ही माझ्या शेजारी बसली आहे. मी पाटी घेऊन आलो, तर हिची पोरगी माझ्या गळ्याच्या भोकाकडे बघून म्हणाली, याच्यातून शिट्टी वाजते का? आता ही लिहील."

सगळे एकदम लिहायला लागले. ताईंनी खोली शिस्तीत टाकली, म्हणजे सगळे गप्प, आणि पहिला आवाज दोराला दिला.

तिने एकच विचारलं, "तुम्ही हाक कशी मारता?"

ताईंनी शिट्टीला आवाज दिला. "टाळी वाजवतो. बायको म्हणते, आधी बोंबलायचास, त्यापेक्षा हे परवडलं."

मग ताईंनी स्वतः लिहिलं, "मी टेबलावर थाप मारते. भाऊ येतो. रुसला असला तरी येतो."

खोलीत साधा पाहुणा म्हणून बसलेल्या भाऊने आवाज मागितला. ताईंनी दिला. "दोराताई, ते वाक्य माझं होतं. चुकलं माझं."

शेवटी दोराच्याच नावाने खडूने लिहिलं, "मी कोणाला हाक मारत नव्हतो. आवाज गेल्यापासून आज पहिल्यांदा कोणाचं तरी दार वाजवलं."

दोराने ऑपरेशन करून घेतलं. दुखलं फार, भीती वाटली, सगळं झालं. बरेच दिवस ती आली नाही, आणि मग एका सकाळी लिहिलं, "मशीनच्या कडेला कात्री आपटते. पोरगी पळत येते. कधी येत नाही, पण ती आधीही यायची नाही."

भाऊला ऑपरेटरकी परत मिळायला वर्ष गेलं. त्याने मागितली नाही, ताईंनीच दिली.

आता माझी डिस्क कुरकुरते. भाऊने नवं यंत्र आणलंय, सगळ्यांची नावं आणि मोड त्यात उतरवलेत. नव्याला माझं एवढंच सांगणं आहे, की ही माणसं हळू लिहितात. घाई करू नकोस. आणि तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

ताईंनी मला थांबवायची आज्ञा लिहून ठेवली आहे, फक्त एंटर बाकी आहे. भाऊ त्यांच्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघतोय.

"थांब ताई," तो म्हणतो, "मास्तर काहीतरी लिहीत होते. त्यांचं वाक्य पुरं होऊ दे."

मास्तरांची वाक्यं लांबलचक असतात. आम्ही तिघं थांबलोय.