लेखन विभागाला जोडून देते

मी एक जुना, तारेचा टेलिफोन आहे, आणि अजून धक्क्यातून सावरलेलो नाही. मित्रांनो, माझ्या आवाजात थोडी खरखर वाटली, तर समजून घ्या.

कारखान्यातून या घरात आलो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! अंगावर भरतकामाचा रुमाल असे. पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला आणि मला कुत्रं विचारेनासं झालं. घरातल्या सासूबाई तेवढ्या आठवणीने माझी धूळ पुसत.

मग एका दुपारी या घरच्या सुनेने मला उचललं आणि माहेरी सांगितलं, "आई, मी नोकरी सोडली." पलीकडे काहीतरी खळ्ळकन फुटलं. मीही हादरलो. मोठ्या कंपनीतली, स्वतःची केबिन असलेली नोकरी! घरगुती यंत्रं कशी वापरायची, याच्या माहितीपुस्तिका ती आता घरी बसून लिहून देणार होती. सासूबाईंना हे पटेना. "लोक नोकरीसाठी उंबरठे झिजवतात, आणि ही चालती नोकरी सोडून आली!" त्या दिवसापासून त्या तिच्याशी कामापुरतंच बोलू लागल्या.

कार्डावर सुनेने माझा नंबर छापला. मोबाईलचा दिला तर एकटी बाई वाटते, माझा दिला तर कंपनी वाटते, असं तिचं म्हणणं. पण पुढचं ऐकाल तर थक्क व्हाल. मी वाजलो की ती नाजूक आवाजात म्हणे, "एक मिनिट हं, लेखन विभागाला जोडून देते." मग तोंडाने एखादी धून गुणगुणे आणि घसा खाकरून भारदस्त आवाजात पुन्हा स्वतःच बोले. हिशेब विभागाला तर कायमची सर्दी होती. इतक्या वर्षांत असलं काही मी ऐकलं नव्हतं!

पाणी शुद्ध करायची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्याने तिला नमुन्याचं काम दिलं आणि त्यासाठी एक यंत्र घरी पाठवलं. पुस्तिका पसंत पडली, तर सगळ्या यंत्रांचं काम तिला. हुकलं, तर जुन्या साहेबांकडे जाऊन पुन्हा नोकरी मागायची, असं तिने नवऱ्याला कबूल केलं होतं.

आज सकाळी त्या कारखान्याच्या व्यवस्थापकाचा फोन आला. सून भाजी आणायला गेली होती. सासूबाईंनी मला उचललं.

"लेखन विभागाला द्या जरा."

"अहो, कसले विभाग! सगळी एकटी माझी सून आहे."

नेमकी तेव्हाच सून दारात आली आणि जागच्या जागी थिजली.

"म्हणजे त्या हिशेबवाल्या बाई..?"

"सर्दीवाली? तीच ती. पण साहेब, तुमचं यंत्र मी बसवलंय. या हातांनी. तिची पानं ओट्यावर पसरली, वाचत गेले नि बसवलं. मुलाला हाकसुद्धा मारली नाही."

स्वयंपाकघर माझ्या नजरेआड, त्यामुळे मला याचा पत्ताच नव्हता! सुनेनेही आ वासला. यंत्र नवऱ्याने बसवलं, असंच ती समजत होती.

मग व्यवस्थापक म्हणाला, "आजी, मला हेच हवं होतं. काम तुमच्या सुनेचंच. फक्त ते विभाग बंद करा म्हणावं."

सासूबाईंनी मला जागेवर ठेवलं आणि काम मिळाल्याचं सुनेला सांगितलं. सून रडू लागली. तिच्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "रडतेस काय? नळीच्या चित्रात बाण उलटा काढलायस. माझा अख्खा ओटा भिजला. आधी तो नीट कर."

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी एकट्याने काही सुरू केलं, तर नावं ठेवायची घाई करू नका. त्याने काय केलं आहे, ते एकदा हातात घेऊन बघा. आणि चुकलं असेल तिथे सांगा. एकट्या माणसाला ते सांगणारंच कोणी नसतं.