जांभूळशेतची नाचणी

गेणभाऊला सरकारनं जमीन दिली ती काळी, सपाट आणि दगडाचा खडाही नसलेली. दुसरा कोणी असता तर त्यानं नारळ फोडला असता. गेणभाऊनं मात्र बांधावर उभं राहून चहूकडं पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "अंबे, ह्या वावराला वर कुठलं अन् खाली कुठलं?"

अंबाबाई काय सांगणार? जन्म सगळा उतारावर गेलेला. आंबेगाव तालुका कागदावर एक असला तरी पश्चिमेला पाऊस झोडपून काढतो आणि पूर्वेला ढग तोंड दाखवून निघून जातो. पश्चिमेच्या डोंगरात घोड नदीच्या काठी जांभूळशेत होतं. धरणाचं पाणी चढलं आणि गाव बुडालं. ते पाणी कालव्यानं पूर्वेला आलं, तिथं ऊस उभा राहिला, आणि ज्यांचं गाव बुडालं त्यांना त्याच उसाच्या शेजारी तुकडे दिले. हिशोब बरोबर, साहेब लोक खूश.

अवसरी बुद्रुकच्या पलीकडं पत्र्याच्या घरांची वसाहत झाली. तिला चार वर्षं झाली तरी गाववाले तिथल्या माणसांना 'पावणं'च म्हणत. प्रेमानं म्हणत, खोटं कशाला बोला. पण पाहुण्यानं एक दिवस जायचं असतं, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही.

बुडत्या घरातून गेणभाऊनं जातं आणलं, देव आणले आणि एक गाडगं आणलं. गाडग्यात नाचणीचं बी होतं. त्याच्या आज्याच्याही आधीपासून दरसाल पेरलेलं आणि दरसाल राखेत घोळून, शेणानं तोंड लिंपून ठेवलेलं. जमीन ताब्यात येईपर्यंत ते त्यानं डोंगरातल्या तळेघरला, मेव्हण्याच्या वावराच्या कडेला पेरून जिवंत ठेवलं. मग मेव्हणा वारला, पोरांनी वावर वाटून घेतलं आणि आत्याच्या नवऱ्यासाठी कड काही उरली नाही. गेल्या साली बी पेरलंच नाही. यंदाही राहिलं तर उगवायचा भरवसा नव्हता. आणि जांभूळशेतची ती नाचणी दुसरीकडं कुठंच नव्हती, गाव पाण्याखाली गेलेलं.

मुलगा गोरख आळेफाट्याला गॅरेजात होता. तो म्हणायचा, "बा, बाजारात मिळती की नाचणी." गेणभाऊला वाटायचं, ह्याच्या कानाखाली एक द्यावी. पण पोरगं तरी काय करणार? ते गॅरेजच्या ग्रीस-ऑईलमध्येच मोठं झालेलं.

वावराच्या पश्चिमेला धर्माजीचा ऊस होता. खरं तर गेणभाऊचं वावरही धर्माजीच्या बापाचंच. कालव्याचं पाणी मिळणार म्हणून सरकारनं ते काढून घेतलं आणि बुडितवाल्यांना दिलं. धर्माजी तीन वर्षं त्याच्याशी बोलला नाही. गेणभाऊला त्याचा राग आला नाही कधी. जमीन गेलेल्या माणसाचं तोंड कसं होतं, हे त्यानं आरशात पाहिलेलं होतं.

चौथ्या उन्हाळ्यात वावराचा ताबा एकदाचा मिळाला आणि गेणभाऊ राब करायला लागला. डोंगरात नाचणीची रोपं करायची तर आधी वाफ्यावर शेण, फांद्या आणि पाला रचून जाळतात. माती भाजते, तण मरतं, मग पहिल्या सरीला त्या राखेत बी टाकायचं. इथं फांद्या कुठल्या? म्हातारा-म्हातारी बाभळीची काटकं वेचत फिरू लागली. ते पाहून धर्माजीची बायको साळुबाई पाटीभर गोवऱ्या घेऊन आली. आणि दुसऱ्या दिवशी खुद्द धर्माजी बांधावर उभा!

"पावणं, काटक्यांनी काय व्हतंय? आमच्या उसाचं पाचट न्या. आमी तरी जाळतोच की."

"लई उपकार झालं भाऊ."

"उपकार कसलं! पण नाचणी इथं येती का राव?"

"येईल. रोपं तर करून बघू. पहिली भाकरी तुमच्या घरी."

धर्माजी हसला. संध्याकाळी गेणभाऊ घरी आला तो गुणगुणत. गाव सुटल्यापासून अंबाबाईनं ते ऐकलं नव्हतं. तिनं चुलीकडं तोंड करून डोळे पुसले.

राब पेटवला वैशाखातल्या भर दुपारी. डोंगरात दुपारीच भाजतात, ऊन आणि जाळ मिळून माती खोल शेकते. वारा कोकणाकडून, म्हणजे पश्चिमेकडून येणार, जाळ पूर्वेच्या मोकळ्या रानात झुकणार, ऊस सुरक्षित. गेणभाऊचा अंदाज चाळीस वर्षांत चुकला नव्हता. पण डोंगरातला वारा खिंडीतून ठरल्या वाटेनं येतो. ह्या माळाला खिंड नव्हती. इथं लोक पाचट पेटवतात ते पहाटे, वारा पडलेला असताना, बांध भिजवून. हे धर्माजीनं सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, एवढं कुणाला सांगावं लागतं असं त्याच्या मनातही आलं नाही.

राब अर्धा भाजला असताना मोकळ्या रानातून वावटळ उठली. ती गरगरत वाफ्यावर आली आणि जळतं पाचट उचलून तिनं उसावर फेकलं. गेणभाऊ ओली गोणी घेऊन धावला. वसाहत धावली, गाव धावलं. पण वाळल्या पात्यांचा ऊस तो, फटाफट फुटत गेला. संध्याकाळी धर्माजी काळ्या बुडख्यांत उभा होता आणि गेणभाऊ त्याच्यासमोर. भाजलेले हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. रखमाजी सरपंच मधे. धर्माजी कुणावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मला भरपाई नको. पोलीस नको," तो म्हणाला. "माझ्या बापाचं वावर माझं मला कसू द्या. कागद राहू द्या पावण्यांच्या नावावर."

सगळ्यांना ते समजूतदार वाटलं. आळेफाट्याहून आलेल्या गोरखनंही मान हलवली. गेणभाऊनं एवढंच विचारलं, "भाऊ, तेवढा भाजलेला वाफा द्या. पाऊस पडला की बी टाकतो. बी जगलं पायजे."

धर्माजीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. "आता जाळाचं काय नको पावणं त्या रानात," तो म्हणाला.

आठवड्यात ट्रॅक्टर आला. गेणभाऊ दारातून बघत होता. राखेचा करडा पट्टा एका फेरीत काळ्या मातीत गेला, कुठं होता ते सांगताही येईना. त्याला वाटलं, गाव बुडताना असंच पाहिलं होतं आपण, नुसतं उभं राहून.

पाऊस आला, लोक पेरते झाले. गेणभाऊनं गाडगं उतरवलं नाही, अंबाबाईनंही त्याचा विषय काढला नाही. वसाहतीत प्रत्येकाच्या दारापुढं हातभर अंगण, तेही सिमेंटचं. श्रावण अर्धा सरला, नाचणीची लावणी टळून गेली.

मग एका सकाळी त्याला जात्याच्या घरघरीनं जाग आली. पीठ तर गिरणीतून यायचं, जातं तसंच पडून असायचं. तो उठून बसला. अंबाबाई त्याच्याकडं पाठ करून दळत होती. गाडग्याचं तोंड फोडलेलं होतं.

"अगं, बी हाय ते," तो म्हणाला.

"ठावं हाय मला."

"बी कुणी खात न्हाई, अंबे."

"किड्यानं खाण्यापरीस तुमी खा," ती म्हणाली. हात थांबवला नाही.

तिनं भाकरी केल्या. त्याच काळपट तांबड्या, कडेला तडकलेल्या. गेणभाऊनं पहिला तुकडा मोडला तशी जांभूळशेतच्या ओटीवरची चूल त्याच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. तो रडला. रडत रडत त्यानं दुसरी भाकरी मागितली, कारण भूक लागली होती आणि भाकरी चांगली झाली होती. मग पहिली भाकरी देण्याचा शब्द आठवून त्यानं एक फडक्यात गुंडाळली, धर्माजीच्या दारापर्यंत गेला आणि कडी न वाजवता परत आला. ती त्यानं आणि अंबाबाईनं संध्याकाळी खाल्ली.

अंबाबाईनं गाडगं धुतलं, उन्हात वाळवलं आणि त्यात मीठ भरून ठेवलं.