सत्तरच्या खाली

सत्तर किलोच्या खाली आला की राधाकिशनचा हात उठायचा. हे बीडच्या डॉक्टरांना माहीत नव्हतं, छावणीच्या चेअरमनला माहीत नव्हतं आणि खुद्द राधाकिशनलाही माहीत नव्हतं. वत्सलाबाईला माहीत होतं, कारण मार तिच्या अंगावर पडायचा.

दोन हजार तेराचा उन्हाळा होता. पाटोद्याच्या अलीकडं दूध संस्थेनं चारा छावणी उघडली होती आणि आसपासच्या चार गावांची माणसं जनावरांसकट तिथं येऊन राहिली होती. राधाकिशन आणि वत्सलाबाई आपले दोन बैल घेऊन आले. एक ताडपत्री, तीन दगडांची चूल, बैलांच्या दोन मेखा, एवढाच संसार. राधाकिशन एके काळी ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम होता. वीस कोयते त्याच्या शब्दावर चालायचे. त्यातला एक कोयता वत्सलाबाईचा होता, आणि बाकीच्या एकोणीस जणांवरचा राग तो तिच्यावरच काढायचा.

त्याआधीच्या हिवाळ्यात कारखान्यावर त्याला धाप लागली. पाय सुजले, मग पोट. टोळीतले लोक म्हणाले, "मुकादमानं अंग धरलं." तोही खुश होता. आडवं झालं की जीव घुसमटायला लागला तेव्हा बीडला नेलं. काट्यावर एकोणऐंशी किलो भरला.

डॉक्टरांनी वत्सलाबाईला समोर बसवून सांगितलं, "यांच्या हृदयाचा जोर कमी झालाय. त्यामुळं पाणी अंगात साचतं आणि मीठ त्या पाण्याला धरून ठेवतं. दोन चमचे मीठ जादा गेलं तर लिटरभर पाणी अंगात अडतं. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो वजन. ही चरबी नाही बाई, हे पाणी आहे. जेवण अळणी द्या, गोळ्या चुकवू नका आणि रोज सकाळी वजन करा. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर घेऊन या. धाप लागली तर ताठ बसवा, आडवं केलं तर त्या पाण्यातच बुडून मरतील."

घरी काटा कुणाकडं असतो? छावणीत होता. वैरण मोजायचा मोठा तराजूकाटा, संस्थेचा. तो खाजामियाँकडं. गडी पन्नाशीचा, पूर्वी पाटोद्यात सायकली दुरुस्त करायचा, आवाज असा की एकदा बोलला की छावणीच्या टोकाला ऐकू जावं. रोज सकाळी उसाच्या वाढ्यांच्या पेंढ्या मोजून झाल्या की राधाकिशन काट्यावर चढायचा. खाजामियाँ सवयीनं ओरडायचा, "बहात्तर!" आणि वैरणीच्या पावतीच्या पाठीवर आकडा लिहून वत्सलाबाईच्या हातात द्यायचा. रांगेतली माणसं दात काढायची. राधाकिशन रागानं लाल व्हायचा.

अळणी जेवणानं गुण आला. बहात्तर, एकाहत्तर, सत्तर. सूज उतरली, जिना चढल्यासारखी धाप गेली. एकोणसत्तरला त्यानं पहिल्यांदा पिठल्याची ताटली वत्सलाबाईच्या तोंडावर मारली.

"माती खाऊ घालती का गं मला?"

ताटलीची कड भुवईवर लागली. ती रक्त पुसेपर्यंत त्यानं केस धरून तिला चुलीपाशी ओढलं आणि लाथा घातल्या, पोटात, बरगड्यांत, मोजून नव्हे, दम लागेपर्यंत. आता दम लवकर लागत नव्हता. तिनं अळणी घालून घालून त्याला बरं केलं होतं. दीडशे कुटुंबं होती छावणीत. मार सगळ्यांना ऐकू जायचा आणि सगळ्यांना नेमकी तेव्हाच आपल्या जनावरांपुढं वैरण टाकायची आठवण व्हायची. थू अशा शेजारावर.

अडुसष्टला त्यानं बैलाच्या कासऱ्यानं पाठ फोडली.

दुसऱ्या सकाळी खाजामियाँनं आकडा ओरडला नाही. पावती देताना हळूच म्हणाला, "भाभी, काटा खाली उतरला की तुमच्या तोंडावर सूज येती. मी आठ दिवस बघतोय."

वत्सलाबाईनं पावती कमरेला खोचली. पण ते वाक्य तिच्या डोक्यात घुसलं ते निघेना. राधाकिशनची सूज कुठं जात नव्हती. ती फक्त त्याच्या अंगावरून उतरून तिच्या अंगावर येत होती.

छावणीत प्रत्येक कुटुंबाच्या एका मेखेला संस्थेनं मिठाची वीट टांगली होती, जनावरांना चाटायला. त्या दुपारी वत्सलाबाईनं विळ्यानं विटेची एक बाजू खरवडली. मूठभर पांढरा चुरा निघाला. त्यातले दोन चमचे तिनं पिठल्यात टाकले. तिला कळत होतं आपण काय करतोय. नवऱ्याला विष घालणाऱ्या बायांच्या गोष्टी तिनं ऐकल्या होत्या आणि त्या ऐकताना तिनंही कानावर हात ठेवले होते.

राधाकिशन दोन भाकरी जास्त जेवला. बोटं चाटली. "आज जेवलो बग," म्हणाला. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि तिच्या हातच्या जेवणाला त्यानं पहिल्यांदा नाव ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एकोणसत्तर. मग सत्तर. मग एकाहत्तर. मग बहात्तर, त्र्याहत्तर. त्र्याहत्तरला राधाकिशन मेखेला टेकून बसून राहायचा. शिव्या द्यायचा, पण उठायला त्याला जिवावर यायचं. वत्सलाबाई त्या रात्री सलग झोपली. सकाळी उठली तर तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेपेक्षा बरं जास्त वाटलं.

मग तिनं ठरवलं. त्याला मारायचा नाही. बराही करायचा नाही. त्र्याहत्तरावर धरायचा. बैलाला पंधरा किलो वैरण मोजून टाकतात, कमी नाही, जास्त नाही, तसं. सकाळी आकडा चढला की दिवसभर अळणी. आकडा उतरला की चिमूटभर मीठ. गोळ्या मात्र एकही चुकवायची नाही. डॉक्टरांनी दिलेली विद्या तिनं अशी वापरली. आठ दिवस जमलं. भुवईची जखम भरली. आठ दिवसांत तिच्या अंगाला कुणाचं बोट लागलं नाही, आणि हे सुख तिला इतकं अपूर्वाईचं होतं की त्यात काही चुकेल हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

नवव्या दिवशी, सोमवारी, खाजामियाँ ओरडला, "शहात्तर!"

 काल वत्सलाबाईनं मीठ घातलंच नव्हतं.

"खाजाभाई, परत बगा."

"परत बघितलं भाभी. शहात्तरच हाय. आजच बीडला घेऊन जा ह्यांना. माझ्या मेव्हण्याची जीप दुपारला मोकळी हुईल."

दुपारी टँकरवरून दोन घागरी घेऊन ती आली आणि थबकली. राधाकिशन दोन्ही बैलांच्या मधोमध गुडघ्यांवर बसला होता. टोळीचा मुकादम, वीस कोयत्यांचा मालक, बैलाची मिठाची वीट दोन्ही हातांनी धरून जिभेनं चाटत होता. अळणी दिवसांत त्यानं आपला मार्ग शोधला होता. वत्सलाबाई मोजत होती चमच्यानं आणि तो चाटत होता विटेनं.

तिला हसू यायला हवं होतं. रडू आलं. "अहो, सोडा ती," ती घागरी टाकून धावली. "मरताल! वीट सोडा!"

त्यानं वीट सोडली नाही. तो विटेच्या दुसऱ्या बाजूकडं बघत होता. तिथं विळ्याचे चरे होते, सरळ, एकाशेजारी एक. बैलाच्या जिभेनं वीट गुळगुळीत होते, तिला चरे पडत नाहीत. मुकादमाला कोयत्याची आणि विळ्याची खूण कुणी शिकवायची?

"तू घालत हुतीस," तो म्हणाला. "पिठल्यात. मला मारायला निघालीस."

त्यानं विटेची दोरी हिसडून तोडली. पहिला घाव तिनं हातावर झेलला. मनगटात हाड मोडल्याचा आवाज तिला आधी आला, कळ नंतर. दुसरा खांद्यावर बसला. तिसऱ्या घावाला ती खाली पडली आणि बैल बिथरून मेखेभोवती फिरले, एकाचा खूर तिच्या कानाजवळ आपटला. राधाकिशननं वीट दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. ती तिच्या कपाळावर येणार होती. तिनं डोळे मिटले नाहीत. तिला त्याचा चेहरा दिसत होता, ओठ निळे पडलेले, गळ्याच्या शिरा दोरीएवढ्या फुगलेल्या. वीट वरच्या वर थांबली. मग त्याच्या हातातून मागं पडली आणि दगडावर फुटली, आणि तोही तिच्या शेजारी कोसळला.

"पाणी," तो म्हणाला. छातीतून बुडबुड आवाज येत होता.

सांडलेल्या घागरींत तळाला घोटभर पाणी होतं. ती तशीच पडून राहिली असती तर संध्याकाळपर्यंत सगळं मिटलं असतं. कुणी तिला बोल लावला नसता. मोडका हात पोटाशी धरून ती उठली. पाणी दिलं नाही, अंगात पाणीच पाणी झालं होतं. मागून त्याच्या पाठीला आपली पाठ लावून तिनं त्याला ताठ बसवलं, कारण आडवा पडला तर बुडून मरेल हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ओरडली, "खाजाभाई!"

खाजामियाँच्या मेव्हण्याच्या जीपमध्ये तिनं त्याला तसाच पाठीला पाठ लावून ताठ धरला.

बीडला त्याला आत नेऊन सुई लावली, नाकाला नळी लावली. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या हातात खाजामियाँच्या पावत्यांचा गठ्ठा होता. "आकडे असे वर-खाली कसे? मीठ चालू होतं का?"

"मी घातलं," वत्सलाबाई म्हणाली.

"तुम्ही? जीव गेला असता त्यांचा!"

"आदी अडुसष्टला हुते. तवा पाठ फोडली. त्र्याहत्तरला हात लावला न्हाई." तिनं मोडका हात टेबलावर ठेवला. कोपरापासून बोटांपर्यंत काळानिळा झाला होता. "हे आजचं."

डॉक्टरांनी तो हात हलकेच उचलून तपासला. मग हळू आवाजात म्हणाले, "प्लास्टर घालू. पोलिसांत कळवावं लागेल मला. जबाब द्याल?"

"दीन. वाचत्याल का हे?"

"वाचतील. इंजेक्शननं पाणी उतरतंय. रोज किलो-दीड किलो जाईल. रविवारपर्यंत अडुसष्टवर आणतो."

वत्सलाबाईनं मनात हिशेब घातला. शहात्तर. दिवसाला किलो, दीड किलो. सत्तरच्या खाली यायला निदान चार दिवस. आयुष्यात पहिल्यांदा तिला आधीच कळलं होतं, मार कधी येणार.

प्लास्टर वाळल्यावर ती जबाब देऊन बाहेर आली. खाजामियाँ जीपपाशी उभा होता. "चला भाभी, छावणीला सोडतो."

"न्हाई खाजाभाई. मी जालन्याला भनीकडं चाल्ले, यष्टीनं. बैल तुमी बगा. मी मानूस पाटवीन त्यास्नी न्यायला." ती चार पावलं गेली आणि मागं वळली. "आन बैलांच्या मेखेला नवी वीट टांगा. आमच्यापायी तीबी अळणीच खायाला लागलीत."