विचारून दिलेली गोळी

सहावा थेंब सुटत नव्हता. ड्रॉपरच्या टोकाला फुगत, लोंबकळत, पुन्हा आत जातोय की काय असं वाटावं इतका रेंगाळत होता, आणि तिकडे न्हाणीघरातला पाण्याचा आवाज थांबला होता. म्हणजे धाकटा आता अंग पुसतोय. म्हणजे अजून फार तर दीड मिनिट... ताईने रबराचा फुगा जोरात दाबला. थेंब चहात पडला. रंग बदलला नाही, वास बदलला नाही. या औषधाला ना रंग ना चव, हीच तर त्याची खुबी. बाटली परत शिवणाच्या डब्यात, बॉबिनांच्या खाली. मग तिने चमचा उगाच दोनदा कपावर वाजवला – साखर ढवळली, असं घराला कळावं म्हणून.

घराला! घरात होतं कोण? ती आणि तिचा हा पाठचा भाऊ. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

धाकटा केस पुसत आला, कप उचलला आणि सरळ प्यायला. हे सरळ पिणं नवीन होतं. दोन वर्षं तो आधी कपाकडे बघायचा, मग तिच्याकडे, मग म्हणायचा, तू यात काहीतरी घालतेस. ती म्हणायची, अरे, मी कशाला काय घालू, मनाचे खेळ आहेत तुझ्या. मग तो कपांची अदलाबदल करायचा. म्हणून ती थेंब स्वतःच्या कपात घालू लागली. मग एखाद्या दिवशी तो अदलाबदल करायचाच नाही, नुसता समोर बसून राहायचा, आणि तो बघतोय म्हणून तिला तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यावा लागायचा... अशाच एका दिवशी कारखान्यात ती मशीनवर डोकं ठेवून झोपली होती. जागी झाली तर पन्नास शर्टांची काजं भलत्याच बाजूला पडलेली. सुपरवायझर म्हणाला, बाई, घरी काही त्रास आहे का? काय सांगणार होती ती त्याला? भावाला चोरून औषध देते आणि आज ते मलाच लागलं?

चोरून हा शब्द तिला आवडत नसे. जुन्या डॉक्टरनेच सांगितलं होतं, घेत नसेल तर चहातून द्या. आई होती तोवर आई देत होती; आई गेली आणि घराच्या किल्ल्यांबरोबर ती बाटलीही हिच्या हातात आली. थेंबांनी त्याच्या कानातले आवाज थोडे कमी झाले, पण संशय गेला नाही. जाणार कसा? तो खराच होता की! आणि तरी दर वेळी, हे ठाऊक नसलेल्या नव्या डॉक्टरांपुढे, ताईच सांगायची, याला वाटतं मी अन्नात काहीतरी घालते. डॉक्टर मान हलवून लिहून घेत. आजाराचं लक्षण म्हणून.

मग ही नवी गोळी आली. नवी कसली – चाळीस वर्षं जुनी, सांधे सुजतात त्यावरची. बाबा पायाच्या अंगठ्यासाठी हीच घ्यायचे. आता ती डोक्याच्या या आजारावर चालते का, ते मोठ्या इस्पितळात तपासून बघत होते. बापाचा अंगठा आणि लेकाचं डोकं, दोघांना एकच गोळी! ऐकून ताईला हसूच आलं होतं. बारा आठवडे. निम्म्यांना खरी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली, ते डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही. दुसरं कुठलंही मनाचं औषध चालू नको. ज्याने चार वर्षांत समजून उमजून एक गोळी गिळली नव्हती, त्या धाकट्याने तो कागद दोनदा वाचला आणि सही केली.

"इथे निदान विचारून देतात," तो म्हणाला होता.

त्याच्या सहीखाली तिने सही केली: रुग्ण दुसरं कोणतंही औषध घेत नाही. आणि खरंच त्या दिवसापासून तिने थेंब बंद केले होते. नऊ दिवस. दहाव्या दिवशी तो खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावताना दिसला आणि तिचा धीर सुटला. पूर्वी चार थेंब असत, ते तिने सहा केले. पुढच्या पंधरवड्यात तो सुधारू लागला... गोळीने? थेंबांनी? दोन्हींनी मिळून? की कुणीतरी विचारलं, एवढ्यानेच? असा काही प्रश्न आहे हे ठाऊक असलेलं माणूस जगात एकच होतं, आणि ते मूग गिळून बसलं होतं.

आज आठव्या आठवड्याची तपासणी. बसमध्ये धाकट्याने तिला खिडकीची जागा दिली. म्हणाला, तुझी झोप होत नाही वाटतं हल्ली, पहाटेच उठून खुडबुड करतेस. ती म्हणाली, वय झालं. पण खुडबुड म्हणजे काय ऐकलं याने? डब्याचं झाकण? की नुसतीच काळजी, जशी कुठलाही भाऊ करतो? तिने त्याच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. तो दुकानांच्या पाट्या वाचत होता... वाचत होता की वाचल्यासारखं करत होता?

इस्पितळात आधी रक्त काढलं. नळी भरताना ताईने नर्सला विचारलं, यात काय काय दिसतं हो? यकृत वगैरे, नेहमीचंच, नर्स म्हणाली, आणि नळीवर चिठ्ठी चिकटवताना तिने एकदा ताईकडे पाहिलं. नेहमीचंच म्हणताना कुणी असं बघतं? यांना कळलं असेल. कळून गंमत बघत असतील. धाकटा मात्र बाही खाली करत नर्सला म्हणाला, तुमचा हात हलका आहे.

डॉक्टरीणबाई दर वेळचे प्रश्न दर वेळच्याच क्रमाने विचारत. आवाज येतात का? क्वचित, लांबून. लोक पाठलाग करतात असं वाटतं? नाही. खाण्यापिण्यात कुणी काही मिसळतं असं?

बाजूच्या खुर्चीत ताईने पदर उगाच सारखा केला.

"वाटायचं ना," धाकटा म्हणाला आणि हसला. "ताई चहात काहीतरी घालते असं वाटायचं. आजारच तो. ती बिचारी दिवसभर मशीनवर राबते, आणि मी तिचे कप तपासत बसायचो. आता लाज वाटते."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला. रुग्णाला स्वतःचा आजार कळणं हीच मोठी पायरी, त्या म्हणाल्या. असेच निकाल आले तर पुढच्या टप्प्यात तीनशे जणांना ही गोळी देऊन बघणार. मग त्या ताईकडे वळल्या. "घरचं माणूस म्हणून तुम्हाला काय वाटतं? अगदी मोकळेपणी सांगा."

मोकळेपणी! ताईने तोंड उघडलं. आता सांगितलं तर आजच त्याची गोळी बंद, नाव कमी. त्याहून वाईट म्हणजे हे त्याच्यासमोर सांगायचं – की तुझं खरं होतं रे, दोन वर्षं तू एकटा खरं बोलत होतास, आणि आम्ही सगळ्यांनी ते कागदावर वेड म्हणून उतरवलं. नाही सांगितलं, तर त्या तीनशे घरांतल्या बहिणी माझ्या सहा थेंबांच्या भरवशावर आपापल्या भावांना ही गोळी देतील... तिने धाकट्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. शांत, पापणी न हलवता, घाई नसल्यासारखा.

"बराच फरक आहे," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी संशयापुढे शून्य लिहिलं.

जिना उतरताना धाकट्याने तिच्या खांद्यावरची पिशवी स्वतःकडे घेतली. दोन पायऱ्या खाली जाऊन तो थांबला, आणि वर बघत, शाळेतून निकाल घेऊन आलेल्या मुलासारखं विचारता झाला, "मी बरोबर बोललो ना, ताई?"

बरोबर म्हणजे? खरं? की तिला सोयीचं? हे विचारायला हवं होतं. तिने विचारलं नाही. "बोललास," ती म्हणाली, आणि आपला आवाज तिला परका वाटला. तो समाधानाने हसला. रस्ता ओलांडताना त्याने तिचं कोपर धरलं, अगदी हलकं, म्हाताऱ्या माणसाचं धरतात तसं, आणि गाड्या जाईपर्यंत तिला मागे रोखून ठेवलं.

इतकी वर्षं ती त्याच्या आजाराला भीत आली होती. आता त्याच्या हातात कोपर देऊन उभी असताना तिला पहिल्यांदाच वाटलं, हा खरंच पुरता बरा झाला असेल, तर चहातलंही याला सगळं ठाऊक असेल... आणि गाड्या गेल्या तरी तिने पाऊल उचललं नाही.