पट्टीभर आभाळ

दुर्गाबाईने दाराशीच चपला काढल्या. काढा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. आत माणसं बूट घालून खुशाल फिरत होती. पण जालन्याच्या त्या वाचनालयाचा हॉल पुसून लख्ख केलेला होता आणि चारी भिंतींवर तिच्या लेकीची चित्रं होती. ती अनवाणीच आत शिरली.

सत्यशीला तिची थोरली. बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेनंतरच्या वर्षी जन्मलेली, म्हणून मुद्दाम असं नाव ठेवलेलं. आता, एकोणऐंशी साली, ती बावीस वर्षांची होती. औरंगाबादेत चित्रकला शिकून अंबडच्या शाळेत ड्रॉइंग शिकवत होती आणि उरलेला सगळा वेळ चित्रं काढत होती. ती नेमकं काय काढते, हे अंतरवालीत दुसऱ्यांच्या रानात मजुरी करणाऱ्या आईने कधी पाहिलं नव्हतं. काढीत असेल डोंगर-नदी, असं तिने धरलं होतं.

डोंगर नव्हता, नदीही नव्हती. आडवे रंग होते. काळा, त्यावर तपकिरी, मध्येच वाळल्या कडब्यासारखा पिवळा. आणि त्यांच्या कडा एकमेकींत हळूच मिसळून गेलेल्या. माणूस नाही, बैल नाही, झाड असलंच तर ठिपक्याएवढं. पहिल्याच चित्रासमोर दुर्गाबाई थांबली. एसटीच्या धक्क्यांनी आखडलेली पाठ आपोआप सैल झाल्यासारखी वाटली. का, ते तिला सांगता आलं नसतं.

"कसं वाटून राह्यलं, माय?" सत्यशीलाने जवळ येऊन विचारलं.

"गार वाटलं, बाई. लई गार."

सत्यशीला हसली, पण तिचं लक्ष हॉलच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथे अण्णासाहेब उभे होते. औरंगाबादचे बुजुर्ग चित्रकार. मुंबईच्या प्रदर्शनासाठी या भागातून ते एकाचीच निवड करणार होते, आणि ही मुलगी सकाळपासून घोटभर पाणीसुद्धा प्यायली नव्हती.

अण्णासाहेब सावकाश एकेक चित्र पाहत त्यांच्यापाशी आले.

"हात फार शांत आहे तुझा," ते म्हणाले. "या वयात एवढा शांत हात मी पाहिलेला नाही. पण हे आभाळ बघ. जवळजवळ सगळ्या चित्रांत वर एवढीशी पट्टी. सगळी जमीनच जमीन. निसर्गचित्राला मोकळं आभाळ लागतं, बाळ. ही रचनेतली चूक आहे."

सत्यशीला नखाशी वाळलेला रंग खरवडत राहिली.

दुर्गाबाईला राहवलं नाही.

"साहेब, खुरपताना आभाळ येवढंच दिसतंय."

"काय म्हणालात?"

शब्दांत सांगणं तिला जमण्यासारखं नव्हतं. तिने पदर खोचला, डावा हात गुडघ्यावर टेकवला, उजव्या मुठीत खुरपं धरल्यासारखं केलं आणि भर हॉलमध्ये ती खाली वाकली. मग जाईल तेवढी मान वर केली.

"हे बघा. मान इथवर येती. याच्या वर न्हाई जात."

मागे काहीजण फिसकन हसले. अण्णासाहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा नीट बसवला, हातातली काठी भिंतीला टेकवली आणि गुडघ्यावर हात ठेवून तेही वाकले. साठी उलटलेला माणूस, अंगात कोट. तसेच वाकून ते बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले. ताठ होताना त्यांना सत्यशीलाचा हात धरावा लागला.

"मी तीस वर्षं निसर्गचित्र शिकवलं," ते म्हणाले, "उभं राहून." मग दुर्गाबाईकडे वळून त्यांनी विचारलं, "आई, हे कुठलं रान?"

"हे सर्जेरावांचं, नाल्याकडचं. पेरणीआधी वखराची पाळी घातलेलं." ती पुढे सरकली. "हे ज्वारी काढल्यावरचं, धसकटं राह्यलीत. आन् हे कपाशीचं, दुसरी वेचणी झाल्यावर. बराबर हाय ना गं?"

सत्यशीलाने दर वेळी मान हलवली. हसणारी माणसंसुद्धा आता मागे मागे येत होती. अण्णासाहेबांनी वहीत खुणा केल्या आणि शेवटी वही मिटून ते म्हणाले, "सगळीच मुंबईला पाठव."

कोपऱ्यातलं शेवटचं चित्र मात्र वेगळं होतं. त्यात जमीन जवळजवळ नव्हतीच. चौकटभर आभाळ, फिकं, कुठेही घाई नसलेलं; एका कडेला काटेरी फांदीची तपकिरी रेघ.

"हे न्हाई वळखू येत," दुर्गाबाई म्हणाली.

"बांधावरचं हाय, माय. बाभळीखालून. तुम्ही बाया खुरपायला पात धरायच्या आन् मी उताणी पडून राह्यचे. तीन वर्षांची असंन."

दुर्गाबाईला तो बांध आठवला. त्या बांधाशेजारी कठडा नसलेली विहीर होती. पोर तिकडे जाऊ नये म्हणून ती जुन्या लुगड्याची चिंधी पिळून केलेल्या दोरीने तिचा पाय बाभळीला बांधायची. खुरपणीची पात संपेपर्यंत मागे वळून बघायची सोय नव्हती. थोडा वेळ रडणं ऐकू यायचं, मग थांबायचं. रडून दमली, असं ती समजायची. नवऱ्याजवळसुद्धा तिने कधी हे बोलून दाखवलं नव्हतं.

"रडायचीस तू," ती म्हणाली.

"असंल. मला आभाळच याद हाय."

"दोरी काचायची का गं?"

सत्यशीला चित्राकडे वळली. चौकट सरळच होती, तरी तिने ती दोन्ही हातांनी जरा सरळ केली.

"कसली दोरी?"

दुर्गाबाईने लेकीच्या पाठीकडे बराच वेळ पाहिलं.

"काही न्हाई," ती म्हणाली, आणि त्या आभाळापुढे तशीच उभी राहिली.